तीन बोटांची फट

कपडेपटातल्या लोकांनी तिचं नाव आतलीबाई पाडलं होतं, आणि ते असं चिकटलं की कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर ती स्वतःच इकडेतिकडे बघायची. कारण साधं होतं. ते नाटकगृह जुन्या काळच्या नाटकांसाठी प्रसिद्ध. नट्यांचे वरचे घेरदार, झगमगते, लोकांच्या डोळ्यांत भरणारे झगे मास्तर शिवायचे. त्या झग्यांच्या आत जे लागतं, म्हणजे शमीज, पेटीकोट आणि मुख्य म्हणजे कंबर आवळून धरणारं कॉर्सेट, ते ही शिवायची. दोनशे वर्षांपूर्वीच्या विलायती बायका घालत तसंच, हातानं. मशीनला ती हातही लावत नसे.

"बाई, तुमची कला बघायची तर प्रेक्षकाला नटीचा नवराच व्हावं लागेल," मास्तर म्हणायचे. मास्तर म्हणजे कपडेपटाचे मुख्य शिंपी, पोट सुटलेले, तोंडात कायम दोनचार टाचण्या.

"आणि तुमची कला माझ्या कलेवर टांगलेली असते, ते विसरू नका. आतलं चुकलं की तुमचा झगा पोत्यासारखा दिसतो," ती म्हणायची. आणि ते खरंच होतं.

तळघरातली ती खोली लांबट होती. एका भिंतीला उंचावर खिडकी, तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसायचे. मधोमध कापायचं टेबल, कोपऱ्यात बिनडोक्याचे तीन पुतळे, आणि आतलीबाईच्या खुर्चीमागच्या भिंतीवर खिळ्यांची रांग. एकेका खिळ्याला एकेक कागदाची पट्टी. ही तिची मापं. टेप तिला अजिबात चालत नसे. नव्या वेशभूषाकार बाईंनी एकदा मोठ्या कौतुकानं तिला परदेशी टेप आणून दिला, तर हिनं त्यानं चिंध्यांचं गाठोडं बांधून ठेवलं.

तिची पद्धत तिच्या मावशीची, आणि मावशीची तिच्या आधीच्या कुणाची तरी. नटीला शमीज घालून उभं करायचं. कागदाची लांब पट्टी कमरेभोवती गुंडाळायची. पाठीवर दोन टोकं भेटतात तिथे आपली तीन बोटं जुळवून आडवी ठेवायची आणि तेवढा कागद फाडून टाकायचा. उरली ती पट्टी हेच कॉर्सेटचं माप. तीन बोटं का, तर कॉर्सेटच्या पाठीवरच्या दोन कडा कधी एकमेकींना भेटू द्यायच्या नसतात. भोकांतून नाडी ओवून ओढली की मध्ये फट राहिली पाहिजे. अंगाच्या उबेनं कापड सैलावतं, मग फट नसेल तर ओढायचं कुठे? म्हणून मापात तीन बोटं कमी धरायची आणि बांधताना तीन बोटं फट सोडायची. आकडा नाही, वही नाही. हात आपलाच, तेव्हा चुकणार कसा, असं मावशी म्हणायची. आणि खरंच, इतक्या वर्षांत तिचं एकही कॉर्सेट उसवून परत आलं नव्हतं. त्याचा तिला गर्व होता. होता म्हणजे चांगलाच होता, उगाच कशाला झाकायचं. नाकावर माशी बसू देत नसे बाई.

पण बाई आतल्या गाठीची. तिची बोटं सुजायला लागली होती आणि हे तिनं कुणालाही कळू दिलं नव्हतं. आधी सकाळी उठल्यावर ती ताठलेली असायची, मग दुपारपर्यंत ताठ राहायला लागली, मग पेरं कायमची जाड झाली. नवऱ्याची आठवण म्हणून उरलेली अंगठी एक दिवस निघेचना, तेव्हा सोनाराकडून कापून घेतली आणि लेकीला सांगितलं की हल्ली हवाच तशी आहे. घरी गरम पाण्याच्या भांड्यात हात बुडवून बसायची. लेक बघायची, विचारायची. "भांडी घासतेय," असं हिचं उत्तर. दोन माणसांची भांडी ती किती.

शिवण तरीही जमत होती. दोऱ्याला मेण जरा जास्त लावायचं, सुई एक नंबर जाड घ्यायची, झालं. जमेना ते नाडी ओढणं. प्रयोगाआधी नटीची पाठ समोर घेऊन वरपासून खालपर्यंत नाडी खेचत जायचं, तर डोळ्यांत पाणी यायचं. आजवर बांधण्याचं काम तिनं कुणाच्या हाती जाऊ दिलं नव्हतं. आता मात्र, "मला शिवणकामातून वेळ होत नाही," असं म्हणून तिनं ते काडीवर सोपवलं.

काडी म्हणजे विंगेत नट्यांना कपडे चढवणारी बाई. चाळिशी उलटलेली, अंगावर मांस म्हणून नाही, मनगटातून बांगडी आपोआप गळून पडायची. पण प्रामाणिक अशी की सांगितल्या कामात केसभर फरक करणार नाही. आतलीबाईनं तिला पुतळ्यासमोर उभं करून दहादा शिकवलं. "तीन बोटं. कमी नाही, जास्त नाही. फटीत तीन बोटं घालून बघायची आणि मगच गाठ मारायची."

काडीनं मान हलवली आणि त्या दिवसापासून ती तीन बोटं घालून बघत आली.

त्यानंतर कधीमधी एखादी नटी कुरकुरायची, हल्ली फार आवळतं म्हणून. "आताच्या पोरींना सगळंच टोचतं," आतलीबाई म्हणायची. पोरी काय करायच्या, तर काडीला डोळे वटारून सांगायच्या, की मुकाट्यानं सैल सोड. काडी नाइलाजानं सोडायची आणि बाईंना सांगायची नाही. गोष्ट तिथेच मिटायची.

आता लेकीचं सांगते. कारण हे सगळं तिच्यापायी सांगायचं.

लेक त्या तळघरातच वाढली. बाप गेला तेव्हा ती रांगत होती. कापायच्या टेबलाखाली तिची गोधडी, चिंध्या हीच खेळणी. बोलायला लागली तशी वरून ऐकू येणारे संवाद पुतळ्यांसमोर म्हणून दाखवायची. मोठी झाली तशी नाटकात शिरली, पण बरीच वर्षं ट्रे घेऊन येणारी मोलकरीण, नाहीतर गर्दीतली बाई. ट्रे घेऊन येणाऱ्या मोलकरणीला कॉर्सेट लागत नाही. आतलीबाईनं जगातल्या नट्यांना शिवून घातलं, पण स्वतःच्या लेकीच्या नावाची पट्टी भिंतीवर कधी चढली नाही. हे तिला आत कुठेतरी खुपायचं.

आणि मग एका नाटकात पोरीला मोठी भूमिका मिळाली. घर सोडून निघालेल्या नवऱ्यासमोर उभी राहणारी बाई. शेवटच्या अंकात तिला एक वाक्य होतं, आणि सगळं नाटक त्या वाक्यावर उभं होतं. "तुझी काठी घेऊन जा, तुझे बूट घेऊन जा, आरशातला तुझा चेहरा घेऊन जा, या बिछान्यातली ऊब घेऊन जा, भिंतींना लागलेला तुझा आवाज घेऊन जा, आणि जाताना दार मात्र उघडं ठेव." दिग्दर्शकाचं म्हणणं एकच. हे एका दमात झालं पाहिजे. मध्ये श्वास घेतला की ती रडतेय असं वाटतं, आणि ती बाई रडत नाहीये.

पोरगी भाजी चिरताना ते वाक्य म्हणायची, केस विंचरताना म्हणायची. आतलीबाईला ते इतकं पाठ झालं की टाके घालताना ओठ हलायचे.

कॉर्सेट तिनं असं शिवलं की काय सांगावं. जाड सुती कापडाचे दोन थर, त्यात उभे कप्पे, कप्प्यांत पोलादी पट्ट्या. प्रत्येक कप्प्याच्या टोकाला रेशमी दोऱ्याचा बारीक फुलटाका, जो कुणालाही कधीही दिसणार नव्हता. बोटं ठणकत होती, पण तिला त्याचं काही नव्हतं. बेतून बघायच्या दिवशी तिनं लेकीला स्वतः बांधलं. दात आवळून नाडी ओढली, फटीत तीन बोटं घातली, बरोब्बर बसली. म्हणाली, "म्हण आता."

पोरीनं वाक्य म्हटलं. काठीपासून दारापर्यंत, एका दमात, आणि वर श्वास उरला तो हसण्यात घालवला. मास्तरांनी टाचण्या तोंडातून काढून टाळ्या वाजवल्या आणि त्याच कॉर्सेटवर झग्याचं माप घेतलं. आतलीबाई पाठमोरी होऊन उगाच कपाट आवरायला लागली. तिच्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा दिवस, आणि तिला तो कळलाही.

मग रंगीत तालीम आली. त्या दिवशी काडीनं बांधलं.

वाक्य 'ऊब'पाशी तुटलं. पोरीनं तोंड उघडलं, पण आवाज येईना, खांदे वर गेले, मग कसाबसा श्वास घेऊन तिनं पुढचं उरकलं. दिग्दर्शक म्हणाला, होतं पहिल्या वेळी. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. मास्तरांनी बघितलं तर झगाही कमरेत ढिला दिसत होता. "पोरीनं धसका घेतलाय. वाळली बघा," असं म्हणून त्यांनी झगा दोन्ही बाजूंनी आत घेतला. चांगल्या हेतूनंच घेतला. पण त्यामुळे आता कॉर्सेट सैल बांधलं असतं तर झगा लागलाच नसता.

लेक तळघरात आली ती अंगावर शाल पांघरून. "आई, आवळतंय गं."

"कुठे?"

"इथे. खालच्या बरगड्यांना. श्वास खाली उतरतच नाही."

आतलीबाईनं काडीला हाक मारली. "फट किती ठेवलीस?"

"तीन बोटं," काडी म्हणाली. "तुम्ही शिकवलीत तशी. घालून बघितली."

"बघ," आतलीबाई लेकीला म्हणाली. "माझ्यासमोर सगळं वाक्य म्हणालीस ना? तेच कापड, तेच अंग, तीच फट. आवळत काही नाहीये. तू घाबरतेयस."

शालीच्या आतून पोरीचा हात बरगड्यांवर होता. मग म्हणाली, "असेल."

दुसरी कुणी असती तर तिनं काडीला डोळे दाखवले असते. मास्तरांच्या कानीकपाळी ओरडून झगा पुन्हा सोडवून घेतला असता. पण ही आतलीबाईची लेक. आईच्या हाताचं माप चुकत नाही, हे ती टेबलाखाली रांगत होती तेव्हापासून ऐकत आलेली. तिच्या बरगड्या एक सांगत होत्या आणि आई दुसरं. तिनं आईचं खरं मानलं.

पहिल्या प्रयोगाला ती 'ऊब'पाशी अडली. मग मागून कुणी खोकलं आणि कुणीतरी हसलं. दुसऱ्या प्रयोगाला अडण्याच्या आधीच तिच्या चेहऱ्यावर दिसायला लागलं की आता अडणार. तिसऱ्यानंतर दिग्दर्शकानं तिला खुर्चीवर बसवून, फार प्रेमानं, थोडी विश्रांती घे म्हणून सांगितलं. नाटकातल्या माणसाला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

तिच्या जागी एक जाडजूड, मुरलेली नटी आली, तिच्यासाठी कॉर्सेट आणि झगा वेगळे शिवले. तिनं आल्या आल्या काडीला दम भरला. "मला मोकळं बांध हं. नाहीतर तुझ्याच अंगावर कोसळेन, मग बस ओरडत." काडीनं मोकळं बांधलं. वाक्य काठीपासून दारापर्यंत सरळ गेलं आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आतलीबाईनं विंगेतून बघितलं आणि नाक मुरडलं. "बांधा पार बिघडवला," एवढंच ती म्हणाली.

लेकीनं चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली. येणाऱ्या गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवायचं, एक डोळा झाकायचा आणि समोरच्या फलकावरची अक्षरं वाचायला लावायची. दिवसभर तिच्या तोंडी एवढंच, वाचा, आता खालची ओळ. घरीही ती हळूहळू तसंच बोलायला लागली. "जेवलीस?" "हो." "थकलीस?" "नाही." लांब वाक्य म्हणून बोलेना. बोलायला गेलीच तर मध्ये थांबायची आणि उरलेलं सोडून द्यायची. कुणी नाटकाचं काढलं तर शांतपणे म्हणायची, "माझा दमच कमी पडतो. काहींचा असतो तसा." आतलीबाईला वाटायचं, पोरीनं उभारी धरायला हवी. रागही यायचा. एवढी काय नाजूक, असंही एकदोनदा तोंडून गेलं. गेलं ते गेलंच.

नाटकाचे प्रयोग संपले तशी कपडे आवरायची वेळ आली. कॉर्सेटं धुऊन, पुतळ्यांवर बांधून वाळवायची, म्हणजे आकार टिकतो. आतलीबाई टेबलाशी शमिजांच्या घड्या घालत होती आणि काडी पुतळ्यावर लेकीचं कॉर्सेट चढवत होती. नाडी ओढून काडीनं फटीत तीन बोटं घातली आणि गाठ मारली.

"फट कमी राहिली," आतलीबाई बसल्या जागेवरून म्हणाली.

"नाही हो. तीन बोटं आहे."

"दिसतेय की कमी."

"या ना, बघा." काडीनं पुन्हा बोटं घालून दाखवली. तीन. अलगद आत गेली.

आतलीबाई उठली. आपली तीन बोटं जुळवून फटीत घालायला गेली, तर ती जाईनात. पेरं कडांवर अडली. तिनं तिसरं बोट बाहेर काढलं. दोन गेली आणि तीही गच्च बसली.

फटीत तिची दोन बोटं आणि शेजारी काडीचा हाडकुळा हात. मग ती भिंतीकडे गेली. लेकीची पट्टी काढली, इतर नट्यांच्या काढल्या, आणि तशाच परत लावल्या, कारण पट्ट्यांत काही चूक नव्हती. चूक इतकीच होती की माप हिच्या जाड बोटांनी घेतलेलं आणि फट काडीच्या बारीक बोटांनी ठेवलेली. मधला फरक पोरीच्या बरगड्यांनी सोसला होता. रोज सोसला होता आणि तो सोसूनही तिनं 'असेल' म्हटलं होतं.

"काय झालं, बाई?" काडी घाबरून म्हणाली. "माझं काही चुकलं का?"

"नाही गं," आतलीबाई म्हणाली. "तू सांगितलं तसंच केलंस."

संध्याकाळी ती कॉर्सेट कागदात गुंडाळून घरी घेऊन आली. लेक नुकतीच दुकानातून परतली होती, चहाचं आधण ठेवत होती. आतलीबाईनं गॅस बंद केला, तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. सोनारानं कापलेली अंगठी, गरम पाणी, काडीची बोटं, आपली बोटं, आवळत नाहीये असं आपण म्हणालो ते. एवढं सलग ती जन्मात बोलली नव्हती. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले होते, आणि लेक त्या हातांकडे बघत होती.

"तू घाबरली नव्हतीस," आतलीबाई म्हणाली. "तुला श्वासच घेता येत नव्हता. मी घेऊ दिला नाही."

"आई, जाऊ दे ना आता."

"नाही जाऊ द्यायचं. ऊठ. घाल हे. मी बांधते, माझ्या बोटांनी. मग म्हणून बघ. मी उद्या जाऊन दिग्दर्शकाचे पाय धरीन, पण आधी तू बघ."

लेकीला नको होतं. पण आईचा चेहरा बघून ती उठली, शमीज घातली, पाठ करून उभी राहिली. आतलीबाईनं वरपासून खाली नाडी ओढली. प्रत्येक ओढीला कळ खांद्यापर्यंत जात होती आणि या वेळी तिला ती हवीशी वाटली. फटीत तीन बोटं घातली, स्वतःची. बरोब्बर बसली.

"आवळतंय?"

"नाही."

"खरं सांग."

"खरंच नाही. मोकळं आहे."

"मग म्हण."

पोरीनं श्वास घेतला. तो खालपर्यंत गेला, हे आतलीबाईला कापडावर ठेवलेल्या हाताखाली कळलं. तुझी काठी घेऊन जा, तुझे बूट घेऊन जा, आरशातला तुझा चेहरा घेऊन जा, या बिछान्यातली. आणि आवाज तुटला. खांदे वर गेले, तोंड उघडं राहिलं.

"पुन्हा," आतलीबाई म्हणाली.

पुन्हा तिथेच तुटला.

आतलीबाईनं नाडी सोडायला घेतली. बोटांना गाठ सुटेना तेव्हा दातांनी सोडली. कॉर्सेट अंगावरून काढून फेकून दिलं. आता पोरीच्या अंगावर पातळ शमीज होती, बाकी काही नाही. "आता म्हण. आता काहीच नाहीये अंगावर. म्हण, माझ्या राणी."

लेकीनं म्हटलं. बिछान्यातली, एवढ्यापर्यंत आली आणि थांबली. या वेळी तिनं पुढचं म्हणायचा प्रयत्नही केला नाही.

मग लेक वाकली, जमिनीवरचं कॉर्सेट उचललं, नाडी नीट ओवली, घडी करून कागदात ठेवलं. गॅस पेटवून आधण पुन्हा ठेवलं. आई अजून तशीच उभी होती, हात पुढे धरून. लेकीनं तिला खुर्चीवर बसवलं आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"बघितलंस ना?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, समजूत होती. "उगाच स्वतःला लावून घेतलंस. तूच म्हणाली होतीस तेव्हा, मी घाबरते म्हणून. तुझ्या हाताचं माप कधी चुकलंय का, आई?"